लादी आजची, मग बिअर कधीची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकरोडला माझी बेकरी आहे. पहाटे साडेपाचला शटर अर्धं वर गेलं की बाहेर दोन-तीन जण उभेच असतात आणि खिशात हात घालण्याआधी एकच विचारतात, "लादी आजची ना?" ३१ वर्षं हा प्रश्न मी रोज ऐकतोय. कालची लादी उरली असेल तर ती वेगळ्या ट्रेमध्ये असते, कमी भावात जाते आणि ती कालची आहे हे मी स्वतःच सांगतो. पावाच्या धंद्यातली अब्रू म्हणतात ती एवढीच.

हाच प्रश्न नाशिककरांनी बिअरलाही विचारावा, म्हणून हे पत्र लिहितोय. आपल्या पुरवणीत मिसळीवर पानंच्या पानं येतात, थंडीत हुरड्याचे पत्ते येतात, द्राक्षांच्या हंगामात वायनरीचे फोटो येतात. बिअर मात्र वर्तमानपत्रात येते ती छाप्याच्या नाहीतर करवाढीच्या बातमीत. गेल्या दीड दशकात राज्यात लहान टाक्यांमध्ये, स्वतः उभं राहून बिअर बनवणारी नवी मंडळी आली. अशा बिअरला क्राफ्ट बिअर म्हणतात. काही टिकली, काहींनी गाशा गुंडाळला. मराठी वाचकापर्यंत त्यातलं फारसं काही पोचलं नाही.

माझी आणि बिअरची ओळख उशिराची. आमचं घर माळकरी. चोविसाव्या वर्षी एका मित्राच्या हळदीला, टबात बर्फ घालून ठेवलेली स्ट्राँग पहिल्यांदा प्यालो. कडू, उग्र, दुसऱ्या दिवशी डोकं जड. पुढं वीसेक वर्षं त्या वाटेला गेलो नाही. २०१६ मध्ये मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला होती. तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, चला, तुमच्याच कामाचं काहीतरी दाखवते." ती मला इंदिरानगरच्या 'टॉइट'मध्ये घेऊन गेली. २०१० मध्ये सुरू झालेलं ते ठिकाण, बिअर तिथंच बनते.

तिनं गव्हाची बिअर मागवली. गढूळ, पिवळसर, वर दोन बोटं जाड फेस. ग्लास तोंडाजवळ नेला आणि पिकलेल्या वेलची केळ्याचा वास आला, त्याच्या मागून लवंग. मी तिला म्हटलं, यात इसेन्स घातलाय. बनाना इसेन्सची बाटली माझ्याच फळीवर असते, मला कोण फसवणार? तिनं काउंटरवर विचारलं, तर आतून एक तरुण मुलगा आला, पायात गमबूट. तो हिंदीत म्हणाला, "अंकल, केळं नाही, लवंगही नाही. गहू, जव, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. हा सगळा वास यीस्टचा आहे."

आता मी तीन दशकं यीस्टवर पोट भरतोय. ओल्या यीस्टच्या वड्या फ्रिजमध्ये ठेवतो, मे महिन्यात पीठ फार लवकर फुगू नये म्हणून मळताना बर्फ टाकतो, थंडीत कणकेच्या टोपावर गोणपाट टाकतो. आणि हा पोरगा मला सांगत होता की माझ्या पावातलं आणि त्याच्या बिअरमधलं यीस्ट एकाच जातीचं आहे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. फरक फक्त वाणाचा. जसा बासमती आणि इंद्रायणी, दोन्ही भातच. माझं यीस्ट पिठातली साखर खाऊन हवा सोडतं, त्या हवेनं पाव फुगतो, आणि जी थोडी दारू तयार होते ती भट्टीत उडून जाते. त्याच्या टाकीत दोन्ही राहतात. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरचं जे यीस्ट आहे ते काम करता करता केळ्याचा आणि लवंगेचा वास सोडतं, आणि टाकी किती अंशांवर ठेवली यावर केळं पुढं की लवंग पुढं हे ठरतं. त्या दिवशी मी दुसरा ग्लास घेतला नाही, पण त्या मुलाला इतके प्रश्न विचारले की शेवटी मुलीनं माझी बाही ओढली.

बिअर कशी बनते हे आपल्याकडे कुणी मराठीत समजावून सांगत नाही. खरं तर मराठी स्वयंपाकघराला यातलं बहुतेक सगळं आधीच ठाऊक आहे. माझी आई नाचणीचं सत्त्व करायची. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, मग दळायची. मोड आले की दाण्यातलं पिठूळपण गोड व्हायला लागतं, म्हणून तर बाळाला सत्त्व पचतं. जवाला, म्हणजे सातूला, असेच मोड आणून भट्टीत सुकवले की त्याला माल्ट म्हणतात. किती भाजलं त्यावर बिअरचा रंग: हलकं सुकवलं तर सोनेरी, जास्त भाजलं तर तांबूस, कॉफीसारखं काळं केलं तर स्टाउट. ते भरडून साधारण ६५ अंश गरम पाण्यात तासभर मुरवायचं, की गोड रस निघतो. तो रस गाळून तासभर उकळायचा, उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकायची. कडवटपणा येतो तो त्या फुलांनी, आणि नासण्यापासून थोडं संरक्षणही. मग भराभर थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. एल प्रकारची बिअर १८ ते २२ अंशांवर आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागर त्याहून थंड, दहा-बारा अंशांच्या आसपास, आणि तिला त्याहून जास्त आठवडे लागतात. ज्यांच्या घरी कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजतो, त्यांनी त्याचं पाणी बदलताना येणारा आंबूस वास आठवावा. आंबवणं आपल्याला परकं नाही.

बव्हेरियात १५१६ मध्ये असा कायदा झाला होता की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही. यीस्ट त्यात नव्हतं, कारण ते काय असतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. उलट बेल्जियमची गव्हाची बिअर घ्या. तिच्यात मोड न आणलेला गहू, संत्र्याची साल आणि चक्क धने असतात. ही जात संपल्यात जमा होती, ती पियर सेलिस नावाच्या माणसानं १९६० च्या दशकात होगार्डन या गावी पुन्हा उभी केली. मला यातलं धन्याचं फार कौतुक वाटतं. आपण धने आमटीत घालतो, ते बिअरमध्ये जातील हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

महाराष्ट्रात अशा लहान टाक्यांतल्या बिअरची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारा छोटा कारखाना. त्यानंतर 'इंडिपेंडन्स', 'एफिंगट', 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' पुण्यात आल्या, मुंबईच्या बाजूला 'गेटवे' आणि 'व्हाइट आउल', गोव्यात 'गोवा ब्रूइंग कंपनी'. पुण्यात मी कोकम घातलेली आंबट-खारट बिअर प्यालो आहे आणि जेवणानंतर सोलकढी घ्यावी तसं गार वाटलं आहे. मधापासून बनणारं मीड पुण्याच्या 'मूनशाइन'नं आणलं, आणि आपल्या नाशिकमध्ये 'सेराना' नावाची मीडरी दोन बायकांनी उभी केली. आपल्याकडच्या सातेरी मधमाशीचं शास्त्रीय नाव एपिस सेराना, त्यावरून हे नाव. मीड म्हणजे बिअर नव्हे, पण गावात असं काही होतंय हे मला गिऱ्हाइकानं सांगितलं, वर्तमानपत्रानं नाही, याची खंत वाटते.

आता मुद्द्याचं.

मागच्या पावसाळ्यात शहरातल्या एका ठिकाणी गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण माझा राग त्या जागेवर नाही, तिथं मिळालेल्या उत्तरावर आहे. सोबत माझे दोन शेजारी होते, दोघांनीही आयुष्यात बाटलीतली सोडून दुसरी बिअर पाहिली नव्हती. मीच त्यांना आग्रह करून नेलं होतं. फळ्यावर सहा नावं होती, सगळी इंग्रजीत, त्यांतली तीन मलाही कळली नाहीत. आम्ही लागर मागवली. पहिल्या घोटालाच लोण्याचा वास. पेपर पिशवीतल्या बटर पॉपकॉर्नचा असतो तो. बेकरीत मार्जरिनचा डबा उघडल्यावर हाच वास येतो, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. त्यानंतर गव्हाची मागवली, ती व्हिनेगरकडे झुकलेली. मी वेटरला म्हटलं, "बाळा, ही उतरलीय, जरा बघ." तो म्हणाला, "सर, क्राफ्ट बिअर अशीच लागते. पहिल्यांदा घेताय ना, सवय नाही तुम्हाला."

माझे शेजारी गप्प बसले. त्यांना वाटलं, असेल बुवा, आपल्यालाच कळत नाही. बिल दिलं आणि घरी आलो. ते दोघं आता पुन्हा कधी अशा बिअरच्या वाटेला जाणार नाहीत आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

बिअरला लोण्याचा वास का येतो? आंबवण कळसाला असताना यीस्ट स्वतःच तो पदार्थ तयार करतं आणि शेवटच्या काही दिवसांत स्वतःच तो परत खाऊन टाकतं. त्याला ते दिवस द्यावे लागतात. टाकी रिकामी हवी, शनिवार-रविवार आलाय म्हणून दोन दिवस आधी बिअर थंड केली की यीस्ट झोपतं आणि लोणी तसंच राहतं. पाव पाच मिनिटं आधी भट्टीतून काढला की मधोमध चिकट राहतो, त्यातलाच हा प्रकार. दुसरं कारण नळीची अस्वच्छता. टाकीपासून नळापर्यंतची नळी दर पंधरा दिवसांनी धुवायची असते. ती धुतली नाही की तिच्यात जिवाणू घर करतात, आणि लोणी आणि आंबटपणा दोन्ही तिथून येतात. कच्च्या सफरचंदाचा वास आला तरी समजावं की बिअरला पुरेसा वेळ मिळालेला नाही. उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास आला तर रस नीट उकळला नाही किंवा लवकर गार झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे तिला हवा लागली आहे, शिळी आहे. या खोडींत गूढ काही नाही. चांगला बनवणारा यातली एकही खोड आली तर टाकी गटारात सोडतो. मी स्वतः पहाटे तीनला फसलेला अख्खा घाणा टाकून दिला आहे, त्यामुळे ते किती जिवावर येतं ते मला माहीत आहे. पण गिऱ्हाइकाला "अशीच असते" म्हणायचं नाही. एका कच्च्या घाण्यापेक्षा त्या एका वाक्यानं या नव्या धंद्याचं जास्त नुकसान होतं.

म्हणून माझी नव्यानं बिअर बनवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. फळ्यावर मराठीत लिहा. बिअर कोणत्या दिवशी बनवली, कोणत्या दिवशी नळाला लावली, कोणतं धान्य, दारू किती टक्के, आणि चवीबद्दल दोन शब्द. "गहू आणि जव, पिकलं केळं, लवंग, कडूपणा कमी." एवढं लिहिलं की माझ्यासारखा माणूस काउंटरवर सरळ उभा राहून मागू शकतो. इंग्रजी नाव उच्चारता येईना म्हणून मेन्यूवर बोट ठेवून मागणारी पन्नाशीची माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कमीपणा वाटतो आणि ते गुपचूप ओळखीची बाटली मागवतात.

आणि पिणाऱ्यांनीही थोडं बेकरीच्या गिऱ्हाइकासारखं व्हावं. नव्या ठिकाणी गेल्यावर आधी टाक्या कुठं आहेत ते पाहावं. बनवणारा कोण, तो आज आहे का, हे विचारावं. भला माणूस असेल तर बाहेर येऊन बोलतो, बोलायला त्याला आवडतंच. कोणता नळ सगळ्यांत जास्त चालतो ते विचारावं, कारण जी बिअर भराभर खपते ती ताजी असते. बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासांत चार-पाच प्रकार चाखायला मिळतात, ते घ्यावेत, आणि फिक्यापासून गडदाकडे जावं. काळ्या स्टाउटनंतर गव्हाची घेतली तर ती पाण्यासारखी लागते. डब्यातली किंवा बाटलीतली घेताना मागची तारीख वाचावी. हॉप्सचा जो संत्र्यासारखा, पेरूसारखा ताजा वास असतो तो महिन्यागणिक उतरत जातो, आणि दुकानाच्या उन्हातल्या खिडकीत मांडलेली बाटली तर घेऊच नये. उजेडानं हॉप्स बिघडतात आणि बिअरला कुबट, रबर जळल्यासारखा वास येतो. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये फ्रिजबाहेर राहिलेल्या बिअरचं काय होत असेल ते सांगायला नको.

मिसळीबरोबर कोणती, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: गव्हाची. कडू हॉप्सवाली इंडिया पेल एल तर्रीवर घेतली की तिखट आणखी चढतं, जीभ भाजते. गव्हाची गोडसर बिअर तर्री सांभाळून घेते. ही पेल एल एकेकाळी लंडनहून जहाजातून हिंदुस्थानात यायची, म्हणून तिच्या नावात इंडिया, आणि आज ती आपल्याच तिखटाशी सर्वांत कमी जमते.

आता मला माहीत आहे, हे पत्र वाचून काही जण म्हणतील की बेकरीवाला दारूचा प्रचार करतोय. त्यांचा राग मला समजतो. माझ्या भट्टीवरचा एक कारागीर दारूनं गेला, चाळिशीही गाठली नव्हती. त्याची बायको आज माझ्याकडे खारीची पाकिटं भरते. बिअरही दारूच आहे, तिला औषध किंवा सरबत म्हणण्यात मला रस नाही. कायद्यानं तिला २१ वर्षांची अट आहे आणि ती असायलाच हवी. ज्याला थांबता येत नाही त्यानं सुरूच करू नये, आणि गाडीची किल्ली न पिणाऱ्याकडे द्यावी. पण मला आणखी एक दिसतं. आपल्याकडे बिअर विकत घेताना पहिला प्रश्न "किती चढते?" हा असतो, म्हणून आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँगच सगळ्यांत जास्त खपते. पाच टक्क्यांच्या एका ग्लासापाशी तासभर बसून, त्यातला वास कुठून आला यावर बोलणारा माणूस आणि बाटली संपवून दुसरी मागणारा माणूस, दोघांचं पिणं मी एकसारखं मानत नाही. चवीची भाषा आली तर चढण्याची भाषा थोडी मागं पडेल, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकला हे सगळं का शोभेल, तेही सांगतो. १९९९ मध्ये 'सुला' सुरू झाली तेव्हा आपल्याकडच्या किती जणांना वाइनच्या जाती माहीत होत्या? २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि आज दिंडोरीतला शेतकरी शेनिन ब्लाँ आणि शिराझ ही नावं सोनाका आणि थॉमसनइतकीच सहज घेतो. हे वीस-पंचवीस वर्षांत झालं, लोकांनी चाखलं, विचारलं, वर्तमानपत्रांनी लिहिलं म्हणून झालं. बिअरसाठी तर आपल्याकडे निफाड आहे. तिथल्या कृषी संशोधन केंद्रानं गव्हाचे 'त्र्यंबक' आणि 'तपोवन' हे वाण दिले. गव्हाच्या बिअरमध्ये निम्मा किंवा त्याहून जास्त गहूच असतो. हॉप्स इथं होणार नाहीत, त्यांना उन्हाळ्यात खूप लांब दिवस लागतात, जवाचं माल्टही बाहेरून येईल. पण बेल्जियमच्या पद्धतीची, मोड न आणलेल्या गव्हाची बिअर निफाडच्या गव्हात का होऊ नये? मी ती कुठं प्यालो नाही, प्यायची फार इच्छा आहे.

आणि द्राक्ष. इटलीत बिअरच्या रसात द्राक्षाचा रस घालून दोन्ही एकत्र आंबवतात, त्याला इटालियन ग्रेप एल म्हणतात. त्यांची ती स्वतःची, आता जगानं मानलेली जात आहे. अमेरिकेत सोनोमा हे द्राक्षांचं खोरं, आपल्या नाशिकसारखंच. तिथं 'रशियन रिव्हर' ही ब्रुअरी १९९७ मध्ये कोर्बेल या वायनरीनंच सुरू केली, आणि पुढं ती वाइनच्या जुन्या पिंपांमध्ये महिनोन् महिने मुरवलेल्या बिअरसाठी नावाजली. ओकची पिंपं आपल्याकडच्या वायनरींतही आहेत. काही वर्षांनी त्यांचा लाकडाचा गुण उतरतो, मग त्यांच्या कुंड्या आणि टेबलं होतात. त्यातलं एक पिंप एखाद्या लहान बिअरवाल्याला मिळालं तर काय होईल, हा विचार मी भट्टीसमोर उभा असताना कितीदा तरी करतो.

त्याच सोनोमातली दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. जॅक मॅकऑलिफ नावाचा नौदलातला माणूस स्कॉटलंडला असताना तिथल्या बिअरच्या प्रेमात पडला. परत येऊन त्यानं १९७६ मध्ये डेअरीची जुनी भांडी आणि सरबताची पिंपं जोडून 'न्यू अल्बियन' ब्रुअरी उभी केली. आधुनिक अमेरिकेतली शून्यातून उभी राहिलेली पहिली छोटी ब्रुअरी ती. बिअर चांगली होती, पण कारखाना इतका लहान होता की खर्च निघेना, आणि १९८२ मध्ये ती बंद पडली. ती पाहून गेलेल्या केन ग्रॉसमन यांच्या 'सिएरा नेवाडा'नं १९८० मध्ये पहिली बिअर काढली आणि ती आज अमेरिकेतल्या मोठ्या ब्रुअरींपैकी एक आहे. वाट दाखवणाऱ्याचा कारखाना मात्र सहा वर्षांत बंद पडला. आपल्याकडे लहान टाक्या लावून बसलेली जी पोरं आहेत त्यांच्याकडे पाहिलं की मला तो आठवतो. यंत्रं, परवाना, वीज, थंड ठेवायचा खर्च, आणि वर शनिवार-रविवार सोडून रिकामी टेबलं. यांतली कोण टिकणार हे त्यांच्या बिअरवरून ठरावं. लोकांना ती आहेत हेच माहीत नव्हतं म्हणून कुणी बंद पडू नये.

म्हणून आपल्याकडे मागणं असं आहे, संपादक महोदय. महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्या. जाहिरात नको, पाहुणचार घेऊन लिहिलेलं कौतुक तर नकोच. बिल भरून प्यायलेल्या माणसानं लिहावं: कुठं गेलो, कोणती बिअर, कधी बनवलेली, वास कसा, चव कशी, बनवणारा काय म्हणाला, काय चुकलं. मिसळीची तर्री पातळ निघाली तर आपण लिहितोच ना? तसंच इथंही लिहा. चुकीचं उत्तर देणाऱ्यालाही त्यानं जाग येईल.

एक शेवटची गोष्ट, तिचा संबंध माझ्या धंद्याशी आहे. १०० लिटर बिअर केली की साधारण २० किलो ओला चोथा उरतो, जवाचा आणि गव्हाचा, गोड रस निघून गेलेला. मोठ्या कारखान्यांचा चोथा दुभत्या जनावरांना जातो. छोट्यांकडे तो पोत्यात पडून राहतो आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबतो. ओळखीच्या एका मुलाकडून मी दहा किलो आणला. दुपारी भट्टी उतरत असताना ट्रेवर पसरून सुकवला, गिरणीतून काढला आणि मैद्यात मिसळून पाहिला. शंभराला वीस घातला तर पाव बसला, कोंडा जास्त झाला की कणकेचा ताण तुटतो. शंभराला दहावर तो नीट फुगला. कापल्यावर तांबूस, भाजक्या शेंगदाण्यासारखा खमंग. त्याचेच टोस्ट केले, ते चहाबरोबर चांगले संपले, आणि त्यात काय आहे ते मी प्रत्येकाला सांगून विकले. दोन माळकरी आजोबांनी ऐकून परत ठेवले, बाकीच्यांनी पुन्हा मागितले.

नाशिकमध्ये कुणी बिअर बनवत असेल आणि चोथा फेकत असेल, तर त्यानं दुपारी दोनच्या आत तो आमच्याकडे पाठवावा. दोननंतर भट्टी थंड होऊ लागते आणि ट्रे रिकामे असतात.

आपला,
एक बेकरीवाला, नाशिकरोड
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)